रिकामा पडदा कुणाचा?



संगणक वापरात नसताना त्याच्या पडद्यावर काय दिसावे, हे कोण ठरवते? प्रश्न किरकोळ वाटेल. शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, वसतिगृहांत जागा नाहीत, गावोगावी अत्याचाराच्या फिर्यादी नोंदवून घेताना टाळाटाळ होते आहे. अशा वेळी स्क्रीनसेव्हरवर कुणी लेख लिहितो का, असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला तोंडावर विचारले. त्यांचा राग आम्हाला समजतो. तरीही हा लेख लिहितो आहोत, कारण या किरकोळ वस्तूच्या निमित्ताने आमच्या वस्तीतल्या मुलामुलींनी दोन महिने जो वाद घातला, तो मुळीच किरकोळ नव्हता.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. तिथे 7 जुने संगणक आहेत. एका कंपनीने नवे घेतल्यावर हे जुने आम्हाला दिले. त्यांवर लिनक्स घालून मिळाले, हे चांगलेच झाले. पण दहा मिनिटे कुणी हात लावला नाही की सातही पडद्यांवर त्या कंपनीचे नाव आणि ‘यांच्या सौजन्याने’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द जाड, त्रिमितीय अक्षरांत गरगर फिरू लागत. मुलगी वहीत गणित सोडवते आहे, समोर दात्याचे नाव फिरते आहे. मुलगा पुस्तक वाचतो आहे, दात्याचे नाव फिरते आहे. बुद्धमूर्तीच्या खोलीत दिवसभर सगळ्यात जास्त वेळ दिसणारा मजकूर कोणता, तर तो.

हे काढावे का, यावर अभ्यासिकेत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे: ज्यांनी दिले त्यांचे नाव राहिले तर बिघडले काय? आपण कृतघ्न आहोत का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे: दान एकदा दिले की ते घेणाऱ्याचे झाले. धम्मात दान ही पारमिता आहे. देताना ‘मी दिले’ हा अहंकार सुटावा, यासाठी ती सांगितली आहे. जे दान दर दहा मिनिटांनी स्वतःची आठवण करून देते, ते दान नसून उपकाराची वसुली आहे.

आम्ही दुसऱ्या बाजूचे. इतिहासातला दाखलाही आमच्या बाजूने आहे. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. पण ‘मूकनायक’च्या शीर्षभागी महाराजांची स्तुती नव्हती, तुकोबांचा अभंग होता. महाराजांनी तशी अपेक्षा केली नाही आणि बाबासाहेबांनी तशी भाटगिरी केली नाही. मदत घ्यायची, मदतीची नोंद प्रामाणिकपणे ठेवायची, पण आपल्या पानावर काय छापायचे ते आपणच ठरवायचे: हा आपल्या चळवळीचा शंभर वर्षांचा संस्कार आहे. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. जागा दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, हे बाबासाहेबांनी अनुभवले आणि पुढे स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. आज पडदा हेच पान आहे. म्हणून निर्णय असा झाला की दात्याच्या नावाची पाटी जिन्याजवळच्या भिंतीवर सन्मानाने लावायची आणि पडदा आपला करायचा.

आता तो करायचा कसा? इथून खरे शिक्षण सुरू झाले.

स्क्रीनसेव्हर म्हणजे मूळचे पडदा वाचवणारे साधन. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या जाड पडद्यांवर तेच चित्र तासन्‌तास राहिले की आतल्या फॉस्फरच्या थरावर त्याचा कायमचा डाग उमटे. म्हणून चित्र हलते ठेवायचे किंवा पडदा काळा करायचा. आजच्या सपाट एलसीडी पडद्यांना तशी गरज उरलेली नाही. उरले ते दोनच उपयोग: बसलेला माणूस उठून गेला तर त्याचे काम कुलूपबंद करणे आणि रिकाम्या वेळात काहीतरी दाखवणे. लिनक्सवर या कामासाठी ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ नावाची जुनी प्रणाली आहे. जेमी झविन्स्की यांनी ती 1992 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. तिच्यात दोनशेहून अधिक हलती चित्रे आहेत, आणि ती मोफत आहे. मोफतपेक्षा महत्त्वाचे म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. आमच्या पडद्यांवर कंपनीचे नाव फिरवणारा कार्यक्रम यातलाच होता. त्याचे नाव ‘जीएल-टेक्स्ट’.

याची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती प्रत्येक वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये असते आणि तिचे नाव टिंबाने सुरू होते: ‘.एक्सस्क्रीनसेव्हर’ (टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत). लिनक्समध्ये ज्या फाइलचे नाव टिंबाने सुरू होते, ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. टर्मिनलवर नुसते ‘एलएस’ म्हटले तर ती लपून राहते; ‘एलएस -ए’ म्हटले तरच समोर येते. हे पाहून बारावीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सगळं ठरवणारी फाइलच दिसत नाही होय?” समाजशास्त्राच्या एमएच्या दोन वर्षांत आम्हाला याहून नेमके वाक्य ऐकायला मिळाले नव्हते.

जातीचेही असेच आहे. शहरातल्या कार्यालयात, कॉलेजच्या कँटीनमध्ये, भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ती यादीत दिसत नाही. “आमच्याकडे असलं काही नाही हो” असे सगळे सांगतात. पण कुणाला घर मिळते, कुणाचे आडनाव ऐकून आवाज बदलतो, मुलाखतीत कुणाला गावाचे नाव विचारले जाते, हे ठरवणारी फाइल कुठेतरी असतेच. ती कुणी आज सकाळी बसून लिहिलेली नसते. ती आधीपासूनची, न विचारता मिळालेली मांडणी असते, ज्याला संगणकाच्या भाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. डिफॉल्टची ताकद अशी की ते कुणाचेच मत वाटत नाही, ते निसर्गासारखे वाटते. ते बदलायचे तर आधी ते लिहिलेले आहे आणि कुणीतरी लिहिलेले आहे, हे दिसावे लागते.

तर ती फाइल उघडा. ‘नॅनो’सारख्या कोणत्याही साध्या संपादकात उघडते. बदल करण्याआधी ‘सीपी’ने तिची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. आत एकाखाली एक ओळी आहेत: डावीकडे बाबीचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग किंमत. ‘टाइमआउट’ म्हणजे किती वेळ हालचाल नसली की चित्र सुरू व्हावे. तिथे 0:10:00 असेल तर दहा मिनिटे. ‘मोड’ म्हणजे पद्धत: ‘रँडम’ लिहिले तर चित्रे आलटूनपालटून, ‘वन’ लिहिले तर ठरवलेले एकच, ‘ब्लँक’ लिहिले तर नुसता काळा पडदा, ‘ऑफ’ लिहिले तर काहीच नाही. ‘प्रोग्रॅम्स’खाली सगळ्या कार्यक्रमांची लांबलचक यादी असते. ज्या ओळीच्या सुरुवातीला उणे चिन्ह असेल, तो कार्यक्रम यादीत असूनही बंद. ‘सिलेक्टेड’ म्हणजे ‘वन’ पद्धतीत यादीतला कितवा कार्यक्रम चालवायचा. इथे मोजणी शून्यापासून होते. पहिल्या कार्यक्रमाचा क्रमांक 0, दुसऱ्याचा 1. आमच्या यादीत ‘जीएल-टेक्स्ट’च्या ओळीपुढे ‘-टेक्स्ट’ असा पर्याय होता आणि अवतरण चिन्हांत कंपनीचे नाव. सातही पडद्यांवर दिवसभर फिरणारे ते मोठे नाव आतून एवढेच होते: एका ओळीतले चार शब्द. मुलांनी ते खोडले. फाइल जतन केली की चालू असलेला एक्सस्क्रीनसेव्हर ती आपोआप पुन्हा वाचतो. लगेच पाहायचे असेल तर टर्मिनलवर ‘एक्सस्क्रीनसेव्हर-कमांड -ॲक्टिव्हेट’, पडदा कुलूपबंद करायचा असेल तर त्याच आज्ञेला ‘-लॉक’.

एक सूचना. अनेक लिनक्सांवर डेस्कटॉपसोबत दुसराच एखादा पडदा-कुलूप कार्यक्रम आधीपासून चालू असतो. दोन्ही एकदम चालू ठेवू नका. जुना बंद करा, मगच हा सुरू करा. नव्या यंत्रांवर ‘वेलँड’ नावाची पडदा-व्यवस्था असते. तिच्यावर हा कार्यक्रम नीट चालत नाही. लॉगिन करतानाच जुनी ‘एक्स-११’ पद्धत निवडता येत असेल तर ती निवडा.

आता नवीन नाव कोणते लिहायचे? पोरांनी अर्थातच ‘जय भीम’ लिहिले. मराठीत लिहिले, आणि पडद्यावर ते उमटलेच नाही. इंग्रजीत लिहिले तर झोकात फिरले. कारण असे की जीएल-टेक्स्टमधली अक्षरे रेघारेघांनी काढलेल्या एका रोमन लिपीच्या संचातली आहेत. त्या संचात देवनागरी नाहीच. यात कुणाचा द्वेष नाही. लिहिणाऱ्याला आपली लिपी आठवली नाही, एवढेच. पण वगळले जाण्यासाठी द्वेष लागतोच असे कुठे आहे? विसरले जाणे पुरते.

काही मुले म्हणाली, चालेल की रोमनमध्ये, वाचता तर येते. आम्ही म्हणालो, घरी जाऊन आजीला विचारा तिला वाचता येते का. संध्याकाळच्या वंदनेला येणाऱ्या आयाबाया या पडद्यांसमोरून जातात. त्यातल्या कितीतरी जणींनी चाळिशीनंतर अक्षर गिरवले, तेही देवनागरी. त्यांना परकी होणारी पाटी आपल्या विहारात नको.

मार्ग निघाला तो असा. अक्षरे अक्षरे म्हणून दाखवता येत नसतील तर त्यांचे चित्र करायचे. ‘इमेजमॅजिक’ नावाचा मोफत कार्यक्रम टर्मिनलवरून मजकुराचे चित्र बनवतो. त्यात मजकुराच्या आधी ‘पँगो:’ असे लिहिले की अक्षरजुळणीचे काम पँगो ही प्रणाली करते आणि वेलांट्या, रफार, जोडाक्षरे जागच्या जागी बसतात. साध्या पद्धतीने चित्र काढले तर काही यंत्रांवर ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. फाँटसाठी ‘लोहित देवनागरी’ मोफत मिळतो. अशी चित्रे एका फोल्डरमध्ये ठेवायची. मग ‘.एक्सस्क्रीनसेव्हर’मध्ये ‘इमेजडिरेक्टरी’समोर त्या फोल्डरचा पत्ता, ‘चूजरँडमइमेजेस’समोर ‘ट्रू’, आणि ‘सिलेक्टेड’मध्ये ‘जीएल-स्लाइडशो’ या कार्यक्रमाचा क्रमांक. हा कार्यक्रम चित्रे हळूहळू सरकवत, जवळ आणत दाखवतो. फोटोंना ते शोभते, पण मजकुराच्या कडा कापल्या जातात. म्हणून त्याच्या ओळीत ‘-झूम 100’ घालायचे; मग चित्र मधोमध, पूर्ण आणि स्थिर राहते. ‘-ड्युरेशन’पुढे सेकंद लिहायचे. आम्ही 20 ठेवले, कारण हळू वाचणाऱ्यालाही पूर्ण वाचता आले पाहिजे.

हे जमल्यावर खरा वाद पेटला: चित्रांत काय लिहायचे? बहुतेकांचे म्हणणे, बाबासाहेबांचे फोटो लावू. एकाने तर पन्नास फोटो जमवलेही. आम्ही विरोध केला. फोटोला विरोध नाही. विहारात बाबासाहेब आहेतच. पण 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी स्पष्ट इशारा दिला होता: भक्तीची वाट हुकूमशाहीकडे जाते. ज्यांनी हे सांगितले, त्यांचेच चित्र पडद्यावर फिरवत बसायचे आणि त्यांनी मिळवून दिलेले हक्क कुणाला पाठ नसायचे, याला अभिवादन म्हणायचे का?

शेवटी पडद्यावर गेले ते असे. संविधानाची उद्देशिका. अनुच्छेद 17: अस्पृश्यता नष्ट. अनुच्छेद 15 मधील विहिरी, तलाव, दुकाने सर्वांना खुली असल्याची तरतूद. हे वाचताना महाडचे 1927 आठवल्याशिवाय राहत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले सामान्य माणसाला हवे तेवढे: कलम 4, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा आहे, कलम 18, आरोपीला अटकपूर्व जामिनाची तरतूद लागू नाही, 1995 च्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नाही. माहिती अधिकार कायदा 2005: सर्वसाधारण अर्जाला 30 दिवसांत उत्तर. एका चित्रात त्या आठवड्याला कोणत्या अर्जाची शेवटची तारीख आहे ते. हे चित्र दर रविवारी बदलते. आणि एका चित्रात, होय, ‘जय भीम’. देवनागरीत.

यातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. या फाइलमध्ये ‘ग्रॅबडेस्कटॉपइमेजेस’ अशी एक ओळ असते. ती ‘ट्रू’ असेल तर काही कार्यक्रम तुमच्या डेस्कटॉपवर त्या क्षणी जे उघडे आहे त्याचाच फोटो घेतात आणि तो वितळवतात, फिरवतात. दिसायला गंमत आहे. पण आमच्या अभ्यासिकेत पडद्यावर काय उघडे असते? शिष्यवृत्तीचा अर्धा भरलेला अर्ज, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, आधार, बँकेचे खाते, एखाद्या ताईची तक्रार. तो पडदा सगळ्या खोलीसमोर गरगर फिरवायचा? ही ओळ ‘फॉल्स’ करा. ‘लॉक’ ‘ट्रू’ करा. पण सगळे एकाच खात्यावर बसत असतील तर कुलूप घालून उपयोग नाही, पुढच्याला बसता येणार नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळे खाते द्या. तयार केलेली ‘.एक्सस्क्रीनसेव्हर’ फाइल ‘/ईटीसी/स्केल’ या फोल्डरमध्ये ठेवली की त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक नव्या खात्यात तिची प्रत आपोआप जाते. आपल्या लोकांची माहिती उघड्यावर पडली तर तिचा वापर कोण कशासाठी करील, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गोपनीयता हा श्रीमंतांचा शौक नाही. ज्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली आहे, त्याला तिची गरज सर्वांत जास्त आहे.

वीजबिलाचेही सांगतो. हलते चित्र वीज वाचवत नाही. पडदा चालूच असतो. त्यासाठी त्याच फाइलमधली ‘डीपीएमएस-इनेबल्ड’ ही ओळ ‘ट्रू’ करून ‘डीपीएमएस-ऑफ’समोर वेळ लिहायची. आमच्याकडे 0:30:00 आहे. अर्ध्या तासाने पडदा बंदच होतो. बिल वस्तीच्या वर्गणीतून भरले जाते.

कुणी विचारील, हे सगळे खिडकी उघडून माउसने होत नाही का? बरेचसे होते. मग टर्मिनलचा हट्ट का? पहिले कारण सरळ आहे. सात यंत्रांवर सात वेळा टिचक्या मारत बसण्याऐवजी एक फाइल तयार करून ‘एससीपी’ने बाकी सहांवर पाठवता येते. वर उल्लेखलेल्या त्याच मुलीने हे काम चहा यायच्या आत संपवले. दुसरे कारण: टिचकीचे टिपण राहत नाही, आज्ञेचे राहते. आमच्या अभ्यासिकेत आता एक वही आहे. कोणती ओळ का बदलली ते तिच्यात तारखेसह लिहिलेले आहे. पुढची बॅच शून्यापासून सुरू करत नाही. तिसरे कारण मोठे आहे. आपल्या मुलांना जे संगणक शिक्षण मिळते, त्यात कुठे टिचकी मारायची ते शिकवतात. यंत्राला हुकूम कसा द्यायचा ते शिकवत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हुकूम ऐकले, त्यांच्या पोरांना पुन्हा ठरलेल्या जागी टिचकी मारण्याचेच कौशल्य मिळत असेल, तर डेटा एंट्रीच्या खुर्चीपलीकडे ती कशी जाणार? सर्व्हर सांभाळणारा माणूस काळ्या पडद्यावरच काम करतो. त्या पडद्याची भीती लहान आणि निरुपद्रवी कामातून जाते. स्क्रीनसेव्हर बिघडला तर कुणाचे काही नुकसान होत नाही. जुनी प्रत परत आणली की झाले.

आम्ही भाबडे नाही. चार ओळी बदलल्याने जात जात नाही, आणि आज्ञा अजूनही इंग्रजीतच द्याव्या लागतात. ज्या ज्येष्ठांनी आम्हाला सुरुवातीला झापले, त्यांचे म्हणणे याबाबत खरे आहे की पडदा हा मोर्चाला पर्याय नाही. पण 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने जे ब्रीद घेतले, त्यात ‘शिका’ हा शब्द पहिला होता. आणि शिकणे म्हणजे दुसऱ्याने मांडून ठेवलेले नुसते वाचणे नव्हे. मांडणी कुठे लिहिली आहे ते शोधणे, ती समजून घेणे आणि आपल्या हाताने बदलणे, हेही शिकणेच.

तुमच्या विहारात, वाचनालयात, वसतिगृहात संगणक असतील तर या रविवारी वंदनेनंतर चारजण बसा. टर्मिनल उघडा, टिंबाची फाइल शोधा, तिची प्रत ठेवा, आणि तुमच्या रिकाम्या पडद्यावर आत्ता कुणाचे काय फिरते आहे ते एकदा वाचा. पुढचा वाद तुमचा तुम्ही घाला.

जय भीम! जय संविधान!